मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोडून लिब्रेऑफिसवर जावं का? आणि 1998 पासूनच्या मराठी फाइली कशात ठेवाव्यात?

रेशीमबागकर

नमस्कार मंडळी. नागपुरात महाल भागातल्या एका छोट्या वाचनालयाचं कार्यालयीन काम मी बघतो. इतिवृत्तं, वार्षिक स्मरणिका, देणगीदारांच्या याद्या, व्याख्यानमालेची निमंत्रणं असलं सगळं. संगणक एकच, तोही विंडोज 10 चा. 14 ऑक्टोबर 2025 नंतर त्याचा सपोर्ट संपला, आणि नेमकं आताच ऑफिसचं वर्षाचं शुल्क पुन्हा भरायचं आलंय. कार्यकारिणीत एकाने सुचवलं की लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस टाका, वाचलेले पैसे पुस्तकांना लावू. लगेच दुसरे म्हणाले, वर्ड सोडलं की जुन्या फाइली गेल्याच समजा.

फाइलींची अवस्था अशी: 1998 ते 2006 च्या स्मरणिका पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, बर्डीवरच्या एका डीटीपीवाल्याने सीडीवर करून दिलेल्या. त्यापुढे 2012 पर्यंतचं सगळं वर्डच्या डॉक फाइलींत, पण कृतिदेवमध्ये आणि आणखी एका विकतच्या फॉन्टमध्ये. त्यानंतर मात्र युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेली पद्धत, आणि वर्डचा नवा फॉरमॅट डॉकएक्स.

प्रोग्राम बदलू का, आणि पुढची पंचवीस वर्षं टिकेल असा फॉरमॅट कोणता, एवढंच विचारायचं आहे.

कोर्टाजवळचा

काका, कायले झंझट मागं लावून घेता? सिव्हिल लाइन्सले टायपिंगचं दुकान आहे माझं. वकील लोकं पेन ड्राइव्ह घेऊन येतात, त्यात डॉकएक्सच असते. एकदा एकाले ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसची फाइल, दिली तं म्हणते, हे काय नवीन काढलं बे?

आणि गंमत नाही सांगून राहिलो. वर्डमध्ये केलेली याचिका लिब्रेऑफिसमध्ये उघडली, तं पानं सरकली. पानं सरकली म्हणजे समोरचा इंडेक्स चुकला. अ‍ॅनेक्शर पान 43 वर म्हणून लिहिलं आणि निघालं 45 वर, तं वकीलसाहेब कोणाले धरतील? मलेच ना! सगळी दुनिया डॉकएक्सवर आहे, तुम्हीही तिथंच राहा.

अक्षरवेडी

दादा, पानं सरकतात हे खरं, पण तो दोष बहुतेक वेळा डॉकएक्सचा नसतो आणि लिब्रेऑफिसचाही नसतो. फॉन्टचा असतो. वर्डमध्ये मराठी लिहिलं की बऱ्याच जुन्या फाइलींत फॉन्ट असतो मंगल. मंगलच्या ओळी उंच. दुसऱ्या मशीनवर मंगल नसला की प्रोग्राम मुकाट्याने लोहित नाहीतर नोटो लावतो, त्यांची उंची वेगळी, रुंदी वेगळी. दर पानाला एखादी ओळ इकडची तिकडे झाली तरी चाळीस पानांत तुमचा इंडेक्स गेला.

दुसरी एक भानगड बहुतेकांना माहीत नसते. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोघेही एकाच मजकुरासाठी फॉन्टच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवतात. एक इंग्रजीसाठी, एक देवनागरी-अरबीसारख्या लिप्यांसाठी. वर्डमध्ये तिला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणतात, लिब्रेऑफिसमध्ये 'सीटीएल'. आकाराचीही नोंद वेगळी. स्टाईलमध्ये फक्त वरची, इंग्रजीची नोंद बदलली की मराठीला काहीच होत नाही, मग लोक वैतागून एकेक परिच्छेद निवडून हाताने 14 करत बसतात. अशी हाताने सजवलेली फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेली की तिचे हाल बघवत नाहीत. शीर्षकाला 'हेडिंग 1' स्टाईल, मजकुराला एकच स्टाईल, आणि दोन्हींत मराठीचा फॉन्ट नीट नेमलेला, एवढं केलं तर फाइल कुठेही न्या.

फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या. 'नोटो', 'मुक्त', 'शोभिका', यांपैकी काहीही. तो वाचनालयाच्या सगळ्या मशीनवर टाका. हो, आणि मजकुराची भाषा 'मराठी' लावा. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी ल घेऊन बसावं लागतं. मला तो ल मराठी पुस्तकात बघवत नाही. असो.

कोर्टाजवळचा

हाओ, फॉन्टचं पटलं ताई. पण दहा वकिलांच्या मशीनवर फॉन्ट टाकाले कोण जाईल?

अक्षरवेडी

कोणी जायला नको. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फॉन्ट फाइलीतच बसवायची खूण आहे. लिब्रेऑफिसमध्ये तीच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सापडते. फाइल थोडी जड होते, बस.

बजाजनगरातला

प्रोग्रामर माणूस आहे, त्यामुळे माझं उत्तर सगळ्यांना माहीतच असेल: साधी टेक्स्ट फाइल, युनिकोडच्या यूटीएफ-8 रूपात. थोडी सजावट हवी असेल तर मार्कडाऊन. शीर्षकाआधी एक # खूण, ठळक शब्दाला दोन्हीकडे दोन तारे, संपलं. 2004 साली जॉन ग्रुबरने काढलं तेव्हापासून ते कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडतंय. त्यातून पॅनडॉक हा फॉरमॅट बदलणारा प्रोग्राम वापरून हवं तेव्हा डॉकएक्स काढा, ओडीटी काढा, ईपब काढा. वर्डप्रोसेसर बदलायचा प्रश्नच उरत नाही.

रेशीमबागकर काका, सगळ्या डॉक फाइली उघडा, 'सेव्ह अ‍ॅज' टेक्स्ट करा आणि मोकळे व्हा.

अक्षरवेडी

थांबा थांबा! काका, हे अजिबात करू नका. निदान 2012 च्या आधीच्या फाइलींना हात लावू नका.

कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं की फाइलीत मराठी अक्षर एकही नसतं. तिथे एच, के, के, जे, आर एवढी इंग्रजी अक्षरं असतात. त्या कळांच्या जागी फॉन्टने देवनागरीचे आकार बसवलेले, म्हणून डोळ्यांना 'भारत' दिसतं. म्हणजे फाइलीच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. तो मराठी आहे याची खूण एकच, त्या तुकड्याला लावलेलं फॉन्टचं नाव. टेक्स्ट म्हणून सेव्ह केलं की पहिल्यांदा जातं ते फॉन्टचं नावच. मग हातात राहतो इंग्रजी अक्षरांचा चिवडा, आणि त्यात खरं इंग्रजी कुठलं नि मराठी कुठलं हे सांगायला कोणी नाही. शिवाय काकांकडे दोन वेगवेगळे फॉन्ट आहेत. दोघांची कळांची मांडणी वेगळी.

खात्री करायची असेल तर अशी करा. एक जुनी डॉक फाइल डॉकएक्समध्ये सेव्ह करा, तिची कॉपी घ्या, नावापुढचं डॉकएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल. ती ब्राउझरमध्ये उघडली की प्रत्येक तुकड्याआधी फॉन्टचं नाव आणि मग तो इंग्रजी दिसणारा मजकूर, असं सगळं उघडं दिसतं. ओडीटीचंही असंच, तीही झिपच असते.

बजाजनगरातला

मान्य. युनिकोडपूर्व फाइलींचा विचार केला नव्हता, आमच्या पिढीने त्या पाहिल्याच नाहीत. मग क्रम असा लागेल: मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला, तिच्यावरून डॉकएक्स किंवा ओडीटी, मग फॉन्टचं नाव बघून तेवढेच तुकडे युनिकोडमध्ये, आणि टेक्स्ट सगळ्यात शेवटी. आख्खी फाइल वेबसाइटवरच्या कन्व्हर्टरमध्ये चिकटवली तर संस्थेचा इंग्रजी पत्ता आणि ईमेल यांचंही 'मराठी' होईल.

अक्षरवेडी

अगदी. आणि रूपांतरानंतर वाचून बघायलाच हवं, कारण तिथे नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल नसते. जुन्या फॉन्टात 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफार जुन्या पद्धतीत अक्षर झाल्यावर द्यायचा, युनिकोडमध्ये तो आधी येतो. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की कन्व्हर्टरची परीक्षा असते.

आपल्याकडे आणखी एक ठरलेली परीक्षा: 'वऱ्हाड'. बरेच कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेले. हिंदीत हा र नाही, त्यामुळे 'वर्हाड' असं काहीतरी ह वर रफार देऊन समोर येतं. तऱ्हा, बऱ्याच, दुसऱ्या, सगळ्यांची तीच गत. आणि नीट आलं तरी ते दोन प्रकारे आलेलं असू शकतं. एक 'वऱ्हाड', ज्यात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ आहे, आणि एक 'वर्‍हाड', ज्यात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक आहे. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधायला गेलात तर एक टाइप केल्यावर दुसरा सापडत नाही. स्मरणिकांमध्ये हा शब्द किती येत असेल विचार करा. कुठला तरी एक नेमा आणि सगळीकडे शोधा-बदला चालवा. 'ॲ' चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली, त्याआधीच्या फाइलींत अ वर चंद्र जोडून काम भागवलेलं असतं.

मोदी नंबर तीन

हे सगळं वाचून जुने दिवस आठवले. बर्डीवर मोदी नंबर 3 ला माझं डीटीपीचं दुकान होतं, आता मुलगा फ्लेक्स छापतो. लग्नपत्रिका, जाहीरनामे, संस्थांच्या स्मरणिका, सगळं पेजमेकरवर.

काका, पेजमेकरचं ऐका. अल्डस कंपनीने 1985 साली काढलं, 1994 मध्ये ॲडोबीने कंपनीच विकत घेतली, आणि 2001 च्या 7.0 नंतर नवी आवृत्ती आली नाही. त्याच्या जागी ॲडोबीचं इनडिझाइन आलं. त्यात पेजमेकर 6 पासूनच्या फाइली उघडायच्या, पण फक्त सीएस 6 पर्यंत. त्यानंतरच्या भाड्याच्या आवृत्त्यांत ती सोय काढली. आता फुकटात बघायचं असेल तर लिब्रेऑफिसचं ड्रॉ आहे. 4.4 पासून पेजमेकरची फाइल उघडते. मजकूर येतो, चौकटी साधारण जागेवर येतात, बारीकसारीक हलतं. म्हणजे तुमच्या कार्यकारिणीत जे म्हणाले ना, वर्ड सोडलं की जुन्या फाइली गेल्या, त्यांना सांगा की या फाइली वर्डमध्ये कधीच उघडणार नव्हत्या.

खरा घोर फॉन्टचा. तुम्ही म्हणता तो विकतचा फॉन्ट बहुतेक डोंगलवाल्या सॉफ्टवेअरचा असणार. डोंगल म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं छोटं कुलूप. ते लावलं नाही तर मराठी टाइपच व्हायचं नाही. आता लॅपटॉपला तो पोर्ट नाही, आणि असला तरी ते सॉफ्टवेअर विंडोज 11 वर चालत नाही. पण मजकूर नुसता बघायला डोंगल लागत नाही. फॉन्टची टीटीएफ फाइल असली की झालं. सीडीवर 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर शोधा. आम्ही प्रेसला फाइल पाठवताना फॉन्ट सोबत टाकायचोच, नाहीतर रात्री अकराला प्रेसवाल्याचा फोन.

रेशीमबागकर

आहे! फॉन्ट्सचं फोल्डर आहे. काही सीडी मात्र ड्राइव्हमध्ये नुसत्याच फिरतात, वाचत नाहीत.

प्रोग्रामचं जवळपास ठरत आलंय असं दिसतं. पण फॉरमॅट? एक जण म्हणे डॉकएक्स, एक जण टेक्स्ट. ओडीटीबद्दल कोणीच बोललं नाही.

ग्रंथपाल

ओडीटीबद्दल मी बोलते. ओडीटी म्हणजे ओपनडॉक्युमेंट, थोडक्यात ओडीएफ, यातला मजकुराच्या फाइलींचा प्रकार. ओपनडॉक्युमेंट हा फॉरमॅट ओएसिस या संस्थेने मे 2005 मध्ये मानक म्हणून मंजूर केला, 2006 मध्ये तो आयएसओ 26300 झाला. डॉकएक्सवाला फॉरमॅट 2006 च्या डिसेंबरात एक्मा या संस्थेचं मानक झाला आणि 2008 मध्ये आयएसओ 29500. त्याच्या मतदानात खूप वाद झाला होता, भारताच्या मानक ब्युरोने विरोधात मत दिलं होतं. तरी तो मंजूर झाला. म्हणजे आज कागदावर दोन्ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, 'डॉकएक्स बंदिस्त आहे' हे आता म्हणता येत नाही. जुनं डॉक मात्र वेगळं. त्याची रचना मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये खुली केली, पण त्यात नवं काही ठेवू नये.

फरक आहे तो वापरात. आयएसओ 29500 मध्ये दोन रूपं आहेत. एक काटेकोर, आणि एक जुन्या वर्डच्या सवयी सांभाळणारं संक्रमणकालीन. वर्ड आपणहून सेव्ह करतं ते दुसरं. त्यामुळे इतर प्रोग्राम्सना त्या जुन्या सवयींचा अंदाज घेत बसावं लागतं. ओडीटी लिब्रेऑफिसची मायबोली असल्याने तिथे ती समस्या कमी, आणि वर्डही ती उघडतं. ब्रिटन सरकारने 2014 मध्ये संपादन करायच्या कागदपत्रांसाठी ओडीएफ आणि नुसती वाचायची असतील त्यांसाठी पीडीएफ किंवा एचटीएमएल ठरवलं. जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने 2024 मध्ये तीस हजार संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. उलट म्युनिक शहराने बरीच वर्षं विंडोजऐवजी लिनक्स वापरायचा असाच प्रयोग करून 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं, तेही लक्षात ठेवा. तिथे भांडण फॉरमॅटपुरतं नव्हतं.

तुमच्यासाठी माझं मत: ज्यावर काम चालू आहे ते ज्या प्रोग्राममध्ये करता त्याच्याच फॉरमॅटमध्ये ठेवा. लिब्रेऑफिस घेतलंत तर ओडीटी. त्यात बसून रोज डॉकएक्स सेव्ह करत राहिलात तर दर वेळी दोन भाषांत ये-जा होते आणि काहीतरी सांडतं. बाहेर द्यायची वेळ आली की तेवढ्यापुरती डॉकएक्सची प्रत काढा.

आणि जे पूर्ण झालंय, छापून झालंय, त्याची पीडीएफ-ए काढा. साधी पीडीएफ नाही. पीडीएफ-ए म्हणजे शिदोरी बांधून निघालेला प्रवासी. लागणारे सगळे फॉन्ट आत, बाहेरच्या कशावर अवलंबून नाही, पासवर्ड नाही. 2005 पासून आयएसओ 19005 हे मानक आहे. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत त्याची खूण आहे, वर्डमध्ये पीडीएफ सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये. लिब्रेऑफिसच्या त्याच खिडकीत हायब्रिड पीडीएफचाही पर्याय दिसेल, त्यात पीडीएफच्या पोटात ओडीटी ठेवता येते. फार थोडे लोक वापरतात, पण छोट्या संस्थेला निमंत्रण, पत्रक असल्या एकपानी गोष्टींसाठी सोयीचं.

कोर्टाजवळचा

पीडीएफचं मी पण मानतो, ई-फायलिंगले तेच लागते. पण ताई, पीडीएफमधून मराठी कॉपी करून पाहा एकदा. वेलांट्या एकीकडे, काने दुसरीकडे. 'न्यायालय' कॉपी केलं तं काय येईल सांगता येत नाही.

ग्रंथपाल

बरोबर आहे भाऊ. पीडीएफ आकार ठेवते, अक्षरं नव्हेत. कुठला आकार कुठल्या अक्षरांचा याचा तक्ता सोबत असला आणि नीट असला तरच कॉपी आणि शोध चालतात. पीडीएफ-एच्या 'बी' पातळीत नुसतं दिसणं टिकेल एवढीच हमी आहे, 'यू' आणि 'ए' पातळीत युनिकोडशी जोडणी लागते. देवनागरीत तीसुद्धा जोडाक्षरांपाशी अडखळते. म्हणूनच मी पीडीएफ-ए एकटी ठेवा म्हणत नाही, सोबत ओडीटी हवीच.

पेजमेकरच्या जुन्या अंकांना मात्र वेगळा न्याय लावेन. ते छापलेले आहेत ना कपाटात? ड्रॉमध्ये उघडून, जुना फॉन्ट बसवून पीडीएफ-ए काढा, आणि शोधासाठी छापील प्रत स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रामने ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर काढा. त्याला मराठी येतं. मांडणी जशीच्या तशी युनिकोडमध्ये उभी करायच्या नादाला लागू नका, एवढं मनुष्यबळ कुठल्याच वाचनालयाकडे नसतं.

इतिवृत्तांबाबत एक. धर्मादाय कार्यालयापुढे उभं राहायची वेळ आली तर सह्या असलेली कागदी वहीच लागेल. ती स्कॅन झाली म्हणून रद्दीत देऊ नका, असं करणाऱ्या संस्था आहेत.

बजाजनगरातला

ग्रंथपाल ताईंना पूर्ण अनुमोदन. डॉकवरून ओडीटी एकेक करत बसू नका. लिब्रेऑफिसला कमांड लाइनवरून आख्खं फोल्डर देता येतं, चहा होईस्तोवर सगळ्या फाइली होतात. फॉन्ट बघून तुकडे बदलायची स्क्रिप्ट मी लिहून देतो, पायथनमध्ये तासाभराचं काम आहे. मला फक्त त्या दुसऱ्या फॉन्टची टीटीएफ आणि दोन-तीन नमुना पानं पाठवा, कळांचा तक्ता त्यावरून बनवतो. देणगीदारांची यादी पाठवू नका म्हणजे झालं.

रेशीमबागकर

सगळ्यांचे आभार. 2009 ची एक फाइल प्रयोग म्हणून केली, कृतिदेवमधली. फॉन्टचं नाव बघून बदललं तेव्हा इंग्रजी पत्ता शाबूत राहिला. वेलांट्या ठीक आहेत, रफार दोन ठिकाणी चुकला. आणि हो, 'वर्हाड' आलंच! शोधा-बदला लावून सरळ केलं.

कार्यकारिणीपुढे असं मांडतोय: लिब्रेऑफिस, चालू कामाला ओडीटी, पूर्ण झालेल्याला ओडीटी आणि पीडीएफ-ए, मूळ फाइली फॉन्टसकट वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिची दुसरी प्रत कोषाध्यक्षांच्या घरी. जे विरोधात आहेत त्यांची समजूत अशी की शुल्क संपलं की वर्ड फाइली कुलूपबंद करतं. तसं होतं का?

ग्रंथपाल

नाही. उघडतात, वाचता येतात, छापता येतात, फक्त बदल करता येत नाहीत. शिवाय वर्डची ब्राउझरमधली फुकट आवृत्ती आहे, तिथे डॉकएक्स बदलताही येते.

धरमपेठी मुलगी

मध्येच विचारते. माझा पीएच.डी.चा प्रबंध गूगल डॉक्समध्ये आहे, गूगल ड्राइव्हचं ॲप लावून ते फोल्डर लॅपटॉपवर घेतलेलं आहे. म्हणजे माझ्याकडे प्रत आहे ना?

ग्रंथपाल

त्या फोल्डरमधली 'जीडॉक' फाइल किती केबीची आहे बघ. तो नुसता पत्ता आहे, मजकूर गूगलकडेच. फाइल, डाउनलोड असं करून दर आठवड्याला डॉकएक्स किंवा ओडीटी उतरवत जा, तळटीपा तपासून. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शेवटी पीडीएफच जाते, पण परीक्षकांच्या दुरुस्त्या पीडीएफमध्ये करता येणार नाहीत.

मोदी नंबर तीन

रेशीमबागकर साहेब, न वाचणाऱ्या सीडी फेकू नका. माझ्याकडे विंडोज एक्सपीचं मशीन अजून चालू आहे, जुना सीडी रायटर आहे, तो हट्टी सीडीसुद्धा पुष्कळदा वाचतो. पेजमेकर पण आहे त्याच्यावर, फॉन्ट टाकला की मूळ मांडणीतच पीडीएफ काढून देतो. रविवारी अकरानंतर या, त्याआधी दुकान उघडत नाही. येताना पेन ड्राइव्ह फार मोठा आणू नका, 32 जीबीच्या आतला, फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला, नाहीतर ते मशीन कधी कधी ओळखत नाही.